सात प्लास्टर आणि रात्रीचे बूट

मार्च २०२३. शिमगा चालू होता, गावात पालखी फिरत होती आणि मी तालुक्याच्या एका हॉस्पिटलात पडून होते. ९ तारखेला सकाळी बाबू झाला. सिस्टरने दुपट्यात गुंडाळून दाखवला तेव्हा तोंडच बघितलं मी, दुसरं काही बघायचं सुचलंच नाही. संध्याकाळी दूध पाजताना दुपटं सैल झालं आणि उजवा पाय बाहेर आला. तळवा आतल्या बाजूला वळलेला, टाच वर ओढलेली, अंगठा पोटरीकडे बघतोय असा. मला वाटलं पोटात आवळून बसला असेल, होईल सरळ. हलकेच बोटाने बाहेर ढकलून बघितला तर येईचना. डावा पाय मऊ कणकेसारखा कुठेही वळत होता आणि उजवा मात्र स्प्रिंगसारखा परत आत.

आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा बघून मला रडू फुटलं.

तिथल्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बघितलं आणि म्हणाले, असतं असं काही मुलांना, सहा महिन्यांचा झाला की दाखवा, ऑपरेशन करून सरळ करतात. एवढंच. नाव काय, कशाने झालं, तोपर्यंत काय करायचं, काही नाही. मला आज त्या सहा महिन्यांचा विचार केला तरी पोटात गोळा येतो, कारण तान्हेपणीचे पहिले आठवडे, जेव्हा पायाचे बंध एकदम लवचिक असतात, तेच तर कामाचे. आम्ही त्यांचं ऐकलं असतं तर ते सगळे दिवस हातचे गेले असते.

घरी आलो आणि बोलणी सुरू झाली. २०२२ ची दिवाळी ज्यांना आठवते त्यांना आठवेल, २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झालं आणि २५ ला संध्याकाळी सूर्यग्रहण होतं, पाडवा एक दिवस पुढे गेला होता. मला तेव्हा पाचवा महिना. सगळ्यांनी बजावलं होतं की कापायचं नाही, चिरायचं नाही, पडून राहायचं. मी पडूनच होते, पण ग्रहण सुटायच्या आधी पाच मिनिटं विळीवर अर्धा नारळ खोवला, जेवणाला उशीर होत होता म्हणून. तो अर्धा नारळ बाबूच्या पायाशी जोडला गेला. शेजारची काकी बारशाच्या आधीच घरी येऊन म्हणाली, "गिराणात नारळ खवल्यान ना, मगे काय होतला?" आई तिच्यासमोर गप्प राहिल्या पण रात्री मला म्हणाल्या, तू ऐकला असतंस तर. माझे हे काही बोलले नाहीत, म्हणजे माझ्या बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. बाळंतिणीच्या खोलीत पडून मी रोज तो नारळ परत परत खोवत होते. ज्या आयांच्या बाळांना असं काही असतं त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

आमची आशा ताई सातव्या दिवशी वजन करायला आली. आशा ताई ठरलेल्या दिवसांना घरी येतात, तिसरा, सातवा, चौदावा असं बेचाळीस दिवसांपर्यंत. तिने वजन केलं, बेंबी बघितली, मग दुपटं पूर्ण सोडून पाय हातात घेतला आणि लगेच म्हणाली, हा क्लबफूट आहे, आम्हाला ट्रेनिंगमध्ये फोटो दाखवलेत, याला आता प्लास्टर करतात, सहा महिने कोण थांबायला सांगतं? मी तिला रडत नारळाचं सांगितलं. ती आईंच्या समोरच बोलली, "त्या दिवशी अख्ख्या कोकणात किती बायका पोटुशी होत्या, निम्म्यांनी काही ना काही चिरलं असेल, सगळ्यांच्या पोरांचे पाय वाकडे झाले काय?" आई आत निघून गेल्या, पण ऐकलं त्यांनी.

तिने तिथूनच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना फोन लावला. अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासायला गाडी येते ना, तेच. क्लबफूट त्यांच्या जन्मजात दोषांच्या यादीतच आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं की पॉन्सेटी पद्धतीने प्लास्टर करणारे, खास लहान मुलांच्या हाडांचे डॉक्टर बघा, साध्या हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन नुसतं प्लास्टर गुंडाळून घेऊ नका. ह्यांच्या ओळखीतून तसे डॉक्टर कोल्हापूरला मिळाले. देवगडहून कोल्हापूर म्हणजे तळेरे, वैभववाडी, करूळ घाट चढून गगनबावडा आणि मग पुढे. वीस दिवसांचं बाळ घेऊन. माझी आई म्हणत होती सव्वा महिना तरी होऊ दे, पण मी ऐकलं नाही. २९ मार्चला, बुधवारी, पहाटे साडेचारला निघालो.

डॉक्टरांनी पाय बघायच्या आधी बाबूला पूर्ण उघडा केला. पाठीचा कणा बोटाने चाचपला, दोन्ही खुबे फिरवून बघितले, मानेपासून सगळं. म्हणाले की कधी कधी वाकड्या पायाबरोबर दुसरं काही असतं, ते आधी बघायचं. बाबूला बाकी काही नव्हतं. मग त्यांनी पायाची एकेक गोष्ट समजावली. तळव्याची कमान जास्त खोल, पुढचा पंजा आत, टाच आत, आणि पूर्ण पाय खाली ओढलेला, असे चार दोष एकत्र. हजारात साधारण एका बाळाला असतं, मुलग्यांमध्ये मुलींच्या दुप्पट, आणि जवळजवळ निम्म्या बाळांना दोन्ही पायांना. बहुतेकांच्या बाबतीत नेमकं कारण सापडत नाही, काही घराण्यांत चालत येतं. मी विचारलंच, ग्रहणाचं. ते हसले नाहीत हे मला फार बरं वाटलं. शांतपणे म्हणाले, ताई, ज्या देशात त्या वर्षी ग्रहणच दिसलं नाही तिथेही हजारात एक असतंच, तुमच्या हातून काही झालेलं नाही. हे वाक्य त्यांनी ह्यांच्याकडे बघून परत एकदा म्हटलं. परतीच्या वाटेवर गगनबावड्याला चहाला थांबलो तेव्हा ह्यांनी बाबूला माझ्याकडून घेतला आणि म्हणाले, चुकलं माझं, मी आईला तेव्हाच बोलायला पाहिजे होतं.

पहिलं प्लास्टर कसं केलं ते नीट सांगते, कारण मी आधी इतकी घाबरले होते की कोणीतरी असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बाबूला उपाशी नेला होता मुद्दाम, तिथे पोचल्यावर पाजायला सांगितलं होतं. टेबलावर आडवा ठेवून मी डोक्याच्या बाजूला उभी राहिले आणि वाटीतलं काढलेलं दूध पळीने पाजत राहिले. दूध तोंडात असलं की बाळ पाय सैल सोडतं. डॉक्टरांनी दोन मिनिटं नुसता पाय हातात धरला. जोर नाही, ओढाताण नाही. एका हाताचा अंगठा घोट्याच्या पुढे बाहेरच्या बाजूला एक हाडाचा उंचवटा असतो त्यावर टेकवलेला आणि दुसऱ्या हाताने पंजा बाहेरच्या दिशेला. टाचेला हात लावत नव्हते, टाच आपोआप मागे येते म्हणाले. मग मदतनीसाने कापसाची पातळ पट्टी बोटांपासून जांघेपर्यंत गुंडाळली, कोमट पाण्यात बुडवलेल्या प्लास्टरच्या पट्ट्या आधी गुडघ्याच्या खालपर्यंत, त्या सुकेपर्यंत डॉक्टर तसाच पाय धरून राहिले, मग गुडघा काटकोनात दुमडून वर जांघेपर्यंत. गुडघ्याखालीच प्लास्टर केलं तर बाळ पाय बाहेर काढतं आणि आतला पाय फिरतो, म्हणून एवढं लांब. सगळं वीस मिनिटांत झालं. बाबू प्लास्टर गरम लागल्यावर थोडा कुरकुरला, तेवढाच.

आणि एक गोष्ट. पहिल्या प्लास्टरनंतर पाय सुधारल्यासारखा दिसतच नाही, उलट तळवा आणखी वर वळल्यासारखा वाटतो. पहिल्यांदा पुढचा भाग वर उचलून टाचेच्या रेषेत आणतात, बाहेर वळवायचं पुढच्या आठवड्यांत. हे डॉक्टरांनी सांगितलं होतं तरी घरी आल्यावर आई बघून म्हणाल्या, "ह्यो तर आधीपेक्षा वाकडो दिसता." मी फोनवर परत विचारून घेतलं तेव्हा कुठे झोप लागली.

मग दर बुधवारी कोल्हापूर. एप्रिल महिना, आमच्याकडे आंब्याचे दिवस. आमची स्वतःची कलमं आहेत, थोडी दुसऱ्यांची करायला घेतलेली. पहाटेपासून झेले घेऊन माणसं झाडावर, दुपारी आंबे निवडणं, पेट्या भरणं, रात्री वाशीची गाडी. वर्षाचं उत्पन्न त्या दीड महिन्यात आणि त्यातला दर आठवड्याचा एक अख्खा दिवस आमचा घाटात. ह्यांनी एकही बुधवार चुकवला नाही. मोठे भाऊजी आणि जाऊबाई त्या दिवशी बाग सांभाळायच्या, जाऊबाई स्वतः गवतात आंबे रचायला बसायच्या. दुसऱ्या बुधवारपासून आम्ही एसटीनेच जायला लागलो, कारण दर वेळी गाडी करणं परवडत नव्हतं. घाटात बाबूला कधी उलटी झाली नाही, मला व्हायची.

प्लास्टर घरी काढायचं नाही असं सांगितलं होतं. काही ठिकाणी आदल्या रात्री घरीच भिजवून काढायला सांगतात म्हणे, पण मधल्या रात्रीत पाय परत आत जातो. आम्ही तिथे गेल्यावर ओलं फडकं गुंडाळून भिजवून मऊ करायचे आणि उलगडायचे, करवतीचं मशीन नाहीच वापरलं. मग पाय धुवायला पाच मिनिटं. ती पाच मिनिटं मला आठवडाभर हवीहवीशी वाटायची, त्याच्या मांडीला आठ दिवसांनी हात लागायचा. मी खोबरेल तेल न्यायची पण लावू दिलं नाही, तेलाने प्लास्टर सरकतं.

उन्हाळा भयंकर. कोकणातल्या एप्रिलची हवा, घाम, त्यात ते प्लास्टर. मी त्याला ओल्या फडक्याने पुसून काढायची, लंगोट प्लास्टरच्या काठाच्या आत राहील असा बांधायची कारण एकदा शू आत गेली की वास आणि पुरळ दोन्ही. दिवसातून दहा वेळा बोटं बघायची. बोट दाबलं की पांढरं होतं आणि सोडलं की गुलाबी व्हायला पाहिजे, नाही झालं तर ताबडतोब फोन. आईंना मी हे शिकवलं तर त्या माझ्यापेक्षा जास्त वेळा दाबून बघायला लागल्या, बाबू झोपला असला तरी.

चौथ्या प्लास्टरला गडबड झाली. ते १९ एप्रिलला केलेलं. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी बोटं बघायला गेले तर करंगळी दिसेना. बुधवारी पाचही बोटं नीट बाहेर होती. आता अंगठ्याचं टोक तेवढं. म्हणजे प्लास्टर खाली सरकलं होतं आणि पाय आत वर गेला होता. मी फोटो पाठवला, दहा मिनिटांत डॉक्टरांचा फोन आला की तसंच ठेवू नका, आत टाचेला जखम होते, घरी भिजवून काढा आणि उद्याच या. आम्ही कोमट पाण्याच्या घमेल्यात बाबूचा पाय धरून बसलो, हे, मी आणि जाऊबाई, पाऊण तास. आत टाचेवर लाल चट्टा होता, कातडी फुटली नव्हती. पेट्यांचं काम तसंच टाकून सोमवारी गेलो. तेव्हापासून मी प्रत्येक प्लास्टरनंतर तिथेच पेनने काठाची खूण करून घ्यायची आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवायची, घरी आल्यावर ताडून बघता येतं.

३ मेला सहावं प्लास्टर झालं तोपर्यंत पाय बाहेरच्या बाजूला साठ अंशांच्या वर वळत होता. ते बघणं म्हणजे, काय सांगू, जो पाय पोटरीला चिकटला होता तो आता दाराकडे बोट दाखवत होता. पण टाच अजून वरच होती. टाचेमागची जी जाड शीर लागते, धोंडशीर म्हणतात तिला, ती आखूड असते, आणि बहुतेक बाळांमध्ये ती प्लास्टरने पुरेशी ताणली जात नाही, कापावी लागते. कापायची म्हटल्यावर माझे हातपाय गार. १० मेला केलं. पूर्ण भूल नाही, टाचेमागे तेवढ्यापुरतं सुन्न केलं, मला बाहेर थांबवलं, आणि मी खुर्चीवर नीट बसते न बसते तोवर आत बोलावलं. टाका नाही. बारीक पट्टी आणि वर सातवं प्लास्टर, हे मात्र तीन आठवड्यांचं. तीन आठवड्यांत ती शीर परत जुळते, आणि आता लांब होऊन जुळते. शरीर स्वतः जोडतं हे ऐकून ह्यांनी कलमाचं उदाहरण दिलं, डॉक्टर म्हणाले अगदी तसंच.

ही पद्धत कुठली, कोणी काढली हे मी त्या तीन आठवड्यांत वाचलं. डॉक्टर इग्नासिओ पॉन्सेटी, मूळ स्पेनचे, अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम करायचे. १९४० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी हे सुरू केलं, मोठ्या ऑपरेशनने पाय दिसायला सरळ होतात पण मोठेपणी कडक आणि दुखरे होतात हे बघून. कित्येक वर्षं फारसं कोणी लक्ष दिलं नाही, बाकी सगळीकडे ऑपरेशनंच चालू. मग १९९० नंतर त्यांच्या जुन्या पेशंटांचे पाय तीस वर्षांनीही चांगले आहेत हे समोर आलं आणि आईवडिलांनी इंटरनेटवर एकमेकांना सांगायला सुरुवात केली, तेव्हा जगभर पसरलं. २००९ साली ते वारले. ३ जून त्यांचा जन्मदिवस, तो जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळतात. आमच्या बाबूचे बूट ३१ मेला आले, म्हणजे त्या ३ जूनला तो बुटांचा चौथा दिवस होता आणि आम्ही चार दिवस झोपलो नव्हतो.

आता बुटांचं. मी हे सगळं लिहायला बसले ते खरं तर बुटांसाठीच. प्लास्टरचं सगळ्यांना कळतं, डॉक्टर करतात, आपण नेतो, संपतं. बूट आपण घालायचे असतात, रोज, वर्षानुवर्षं, आणि पाय तर सरळ दिसत असतो, त्यामुळे घरातलं कोणीही म्हणतं की आता कशाला.

दोन बूट एका पट्टीवर बसवलेले असतात, पट्टीची लांबी बाळाच्या खांद्यांएवढी. वाकडा पाय साठ-सत्तर अंश बाहेर वळवलेला, चांगला पाय तीस-चाळीस. पहिले तीन महिने दिवसातले तेवीस तास, एक तास अंघोळ आणि मोकळं खेळणं. नंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत, बारा-चौदा तास, वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत. ऐकलं तेव्हा ह्यांनी परत विचारलं, महिने की वर्षं?

पहिल्या रात्री बाबू एवढा रडला की शेजारची माणसं उठून आली. एक पाय एकटा हलवता येत नाही म्हणून त्याला राग यायचा. आई म्हणत होत्या काढ गो, पोर निळा पडात. डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं की पहिले दोन-तीन दिवस रडणार, आणि रडला की काढले तर तो शिकणार की रडलं की निघतात. मी पट्टी हातात धरून दोन्ही गुडघे एकदम दुमडायची, एकदम सरळ करायची, सायकलसारखं नाही, दोन्ही बरोबर, आणि तोंडाने "होडी चालली, होडी चालली". चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने स्वतः दोन्ही पाय एकत्र आपटले आणि हसला. तिथून रडं कमी झालं.

घालायची पण रीत आहे. मोजा बिनशिवणीचा, एकही सुरकुती नको. गुडघा दुमडून पाय बुटात खोल सारायचा, आधी मधला पट्टा घट्ट, मग बाकीचे. बुटाला मागे भोक असतं त्यातून टाच दिसली पाहिजे, टाच दिसत नसेल तर पाय वर सरकलाय, काढून परत घालायचा. टाचेमागे लालभडक झालं तर आपण समजतो घट्ट झालं आणि सैल करतो, मी पण तेच केलं, आणि आणखी लाल झालं. फोन केला तर म्हणाले, ताई, सैल आहे म्हणून टाच आत घासतेय, एक भोक आवळा. आवळलं, दोन दिवसांत लाली गेली. त्यावर क्रीम-बीम काही लावायचं नाही, कातडी नरम होऊन जास्त सोलते. पट्टीला मी जुन्या गोधडीचा तुकडा शिवून घातला, नाहीतर ती आमच्याच तोंडावर बसायची रात्री.

मग पाऊस लागला. आमच्याकडच्या पावसात चपलांना बुरशी येते तिथे हे तर चामड्याचे बूट आणि काढायचे फक्त एक तास. त्या एका तासात फॅनखाली ठेवायचे, आतून कोरड्या फडक्याने पुसायचे, मोजे आठ जोड ठेवले होते आणि ते चुलीच्या वरच्या दोरीवर वाळायचे, धुराचा वास यायचा त्याच्या पायाला. ऑगस्टच्या शेवटी तेवीस तास संपले. १९ सप्टेंबरला गणपती आले, मुंबईचे सगळे आले, बाबू दिवसभर मोकळ्या पायाने ह्याच्या-त्याच्या कडेवर आणि सगळे म्हणत होते, काही कळतच नाही कुठला पाय होता. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

तेच नडलं पुढे. तो वर्षाचा झाला, तेराव्या महिन्यात चालायला लागला, बरोबर वेळेवर. मे २०२४ ला माझ्या भावाचं लग्न, मालवणला. दहा दिवस माहेरी, घरात पन्नास माणसं, रात्री दोन-दोनपर्यंत जाग. बूट नेले होते, बॅगेतून काढले नाहीत. परत आल्यावर घालायला गेले तर पाय वाढलेला, बूट लहान. नवे मागवायचे ते आज-उद्या करता करता जून गेला, आंब्याचा हिशोब, लावणी, माझी पतसंस्थेतली नोकरी परत सुरू झालेली. पाय सरळ दिसत होता ना. जुलैमध्ये जाऊबाईंनीच बघितलं की बाबू उजवी टाच टेकत नाही, पुढच्या पंजावर चालतो. मी उकिडवा बसवून बघितला तर खरंच टाच उचललेली.

कोल्हापूरला जाताना मी एक शब्द बोलले नाही. करूळ घाट कामासाठी बंद होता, फोंडा घाटाने फिरून गेलो, पाऊस, धुकं. डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, पाय परत फिरायचं सगळ्यात मोठं कारण बूट सुटणं हेच असतं, लवकर आलात, ऑपरेशन लागणार नाही, पण प्लास्टर परत. तीन प्लास्टर, दोन-दोन आठवड्यांची. तान्हेपणीच्या सात प्लास्टरांचा मला त्रास झाला होता, या तीनचा त्याला झाला. चालणारं पोर, पळायला शिकलेलं, जांघेपर्यंत प्लास्टर घालून खळ्यात बसवायचं. तो प्लास्टरवर हात मारून "काड, काड" म्हणायचा. ते माझ्यामुळे होतं, आणि हे नारळासारखं नव्हतं, हे खरंच माझ्या हातून झालं होतं. म्हणून सांगते, लग्न असो, प्रवास असो, ताप सोडून काहीही असो, बूट बॅगेतून बाहेर काढा. आणि अंगठा बुटाच्या टोकाला लागायला लागला की पुढच्या मापाची ऑर्डर त्याच आठवड्यात द्या, यायला वेळ लागतो.

आता तो येत्या शिमग्याला तीन वर्षांचा होईल. अजून रात्री बूट आहेतच. उजवी पोटरी डावीपेक्षा बारीक आहे आणि पाऊल थोडं लहान, चपला घेताना कळतं, ते तसंच राहणार असं पहिल्या दिवशीच सांगितलेलं. पळतो, झाडावर चढायला बघतो, समुद्रावर गेला की परत यायला तयार नसतो. झोपायच्या वेळी स्वतः बूट ओढत आणतो आणि मधला पट्टा आधी, असं मलाच सांगतो.

मागच्या आठवड्यात आशा ताई आली, पलीकडच्या वाडीत एक चेडू झालंय, दोन्ही पाय वाकडे, घरची माणसं चोळून सरळ करतायत, तुम्ही येता काय. मी आणि आई बाबूला घेऊन गेलो. त्या बाळंतिणीची सासू बाबूचा पाय बघायच्या आधी तेच बोलली, हिने गिराणात काय केलान कोणाक म्हायत. मी तोंड उघडायच्या आत आमच्या आईच बोलल्या, "गिराणाचा काय एक नाय गो. माझ्या सुनेन नारळ खवल्यान म्हणान मी पण तिका बोललंय, उगाच बोललंय. तेल लावन चोळू नको, बुधवारी आमच्यावांगडा चल." मग त्यांनी त्या बाळाचं बोट दाबून गुलाबी होतंय का ते बघितलं, प्लास्टर नसतानाच.

बुधवारी जातोय सगळे. बाबूची तपासणी आहेच, आणि बुटांचं माप पण परत बदललंय.